आपणच आपल्या गाडीचा काटा मारला



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. गेल्या महिन्याभरात तिघांनी मला एकच विचारलं, "पिकपला ती ओढ वाढवायची चिप बसवू का?" मी बसवली होती. काय झालं ते वाचा, मग तुमचं तुम्ही ठरवा.

आमची पिकप 2018 ची, बीएस फोर, सेकंडहँड घेतलेली. आंब्याच्या सीझनात जाताना कोबी-फ्लॉवर घेऊन कोकणात उतरायचं आणि येताना देवगडच्या पेट्या भरून करूळ घाटानं गगनबावड्याला चढायचं. यंदा गाडी घाटात ओढंना झाली. तिसऱ्या गिअरात निघणारी चढण दुसऱ्यात, कधी पहिल्यात. डिझेलही जास्त खायला लागली.

आमची पिढी विहिरीवरच्या ऑइल इंजिनावर वाढलेली. ओढ कमी झाली की गव्हर्नरची स्प्रिंग बघायची, नोझल काढून फवारा बघायचा, धुराच्या रंगावरनं दुखणं ओळखायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी इंजिनं बनत आली, त्यामुळं गावोगावी हात चालवणारी माणसं होती. मला वाटलं, या गाडीतही कुठंतरी फिरवायचा एक स्क्रू असंलच.

तो 'स्क्रू' एकानं मला 1500 रुपयांना दिला. काळी डबी, दोन वायरी. हवेच्या पाईपवरच्या सेन्सरच्या वायरीत मधे जोडायची, बास. पहिले चार दिवस खरंच ओढ वाढल्यासारखी वाटली. मागं काळा धूर निघत होता, तो मी मनावर घेतला नाही.

पाचव्या दिवशी रात्री 60 पेट्या भरून येत होतो. पोरगं चालवत होतं, मी शेजारी. घाटात निम्म्यावर आल्यावर ते म्हणालं, "आबा, काटा वर चाललाय." बघतोय तोवर दिवा लागला आणि गाडीनं ताकदच सोडली. वळणावर चढाला उभी राहिली, थोडी मागंही सरकली. मागनं चिऱ्याचा ट्रक येत होता. त्याच्या ड्रायव्हरनं वेळेत ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय. उतरून चाकामागं दगड लावताना माझे हात कापत होते. आंबा दुसऱ्या गाडीत भरून पाठवला. भाडं गेलं ते गेलं, पण पोराच्या तोंडाकडं बघायची मला लाज वाटत होती. डबी मीच लावली होती.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गाडी ओढून नेली. त्यांनी डबी फोडली. आत एक साधा रेझिस्टर, दुकानात रुपया-दोन रुपयाला मिळणारा. मग त्यांनी समजावून सांगितलं, ते माझ्या भाषेत सांगतो.

हवेच्या पाईपवर जो सेन्सर असतो तो बऱ्याच गाड्यांत एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो, हवेचा दाब आणि हवेचं तापमान. चार वायरी असतात. तापमानाच्या भागाचा स्वभाव असा, की गार असला की रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. आपण वायरीत वरनं रेझिस्टर घातला की कॉम्प्युटरला वाटतं हवा गार आहे. गार हवा दाट असते, म्हणजे हवा भरपूर आली, म्हणून तो जास्त डिझेल सोडायला परवानगी देतो. पण हवा तर वाढलेली नसते. जास्तीचं डिझेल नीट जळत नाही. काळा धूर होतो, टर्बो आणि इंजिन तापतं. इंजिन फार तापलं की कॉम्प्युटर जीव वाचवायला ताकद काढून घेतो. घाटात आमचं हेच झालं.

आणि मूळ दुखणं? टर्बोकडनं इंटरकूलरमार्गे येणारा रबरी पाईप क्लिपच्या खाली फाटला होता. दाबाची हवा तिथनं निसटत होती. मिस्त्री म्हणाले, "मालक, सेन्सर खरंच सांगत होता, हवा कमी पडतीय म्हणून. तुम्ही त्याचं तोंड दाबलं."

हे वाक्य मला लागलं. उसाच्या काट्यावर वजन मारलं की आपण शिव्या देतो, मोर्चा काढतो. माझ्या गाडीत मीच पैसे देऊन काटा मारून घेतला होता. माती परीक्षणात स्फुरद कमी आलं म्हणून आपण रिपोर्टवरचा आकडा खोडतो का?

आता काय करायचं ते. हे सगळं घरी, कमी पैशात होतं.

१) रबरी पाईप आधी बघा. क्लिपजवळ तेलकट ओल आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली की तिथनं हवा निसटतीय असं समजा. क्लिप काढून खालीसुद्धा बघा. आमची चीर वरनं दिसतच नव्हती. पाईप आणि क्लिप मिळून 740 रुपये.

२) दाबाच्या सेन्सरच्या तोंडाला काजळी बसते. चावी काढून, इंजिन गार असताना सेन्सर काढा आणि सेन्सर साफ करायच्या स्प्रेनं धुवा. तार, सुई, ब्रश घालू नका. पूर्ण वाळल्यावरच बसवा.

३) मोबाईलला जोडायचं ओबीडी यंत्र हजाराच्या आत मिळतं. रात्रभर उभ्या गाडीची पहाटे नुसती चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. पाणी आणि हवा, दोन्हींचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसलं पाहिजे. दाब कोल्हापूरला साधारण 95 किलोपास्कल, समुद्रकाठी 101 च्या आसपास. आकडा फार वेगळा आला तर सेन्सर किंवा वायर बघा. काही गाड्या सगळे आकडे दाखवत नाहीत.

४) मल्टिमीटर असला तर पाण्याचा सेन्सर काढून तपासा. नेहमीच्या बॉशच्या सेन्सरला 20 अंशाला अडीच हजार ओहमच्या आसपास आणि 100 अंशाला दोनशेच्या आत येतं. दुसऱ्या कंपनीचे आकडे वेगळे असतील, पण तापेल तसे ओहम उतरले पाहिजेत.

५) बॅटरीची अर्थिंग वायर सोडा, बोल्ट आणि जागा पॉलिश पेपरनं घासून घट्ट करा. अर्थिंग कच्ची असली की सगळेच सेन्सर चुकीचं बोलतात.

बीएस सिक्स गाडीवाल्यांनी तर डबीच्या नादाला लागूच नका. तिथं धुराची काजळी सायलेन्सरमधल्या फिल्टरात अडकते, तो तुंबला की खर्च हजारांत जातो. शिवाय इंजिनात असे बदल कायद्यात बसत नाहीत. अपघात झाला तर विम्यावाल्याला आयतंच कारण मिळतं.

आमची गाडी आता पुन्हा तिसऱ्यात चढतीय. डबी मी टाकली नाही. केबिनमध्ये पोराच्या नजरेसमोर टांगून ठेवलीय. पोरगं हसतं, म्हणतं, "आबा, काढा की आता." मी म्हटलं, राहू दे.

तुमच्या गाडीनं ओढ सोडली असंल तर आधी पाईप बघा, आणि काय सापडलं ते इथं लिहा. दुसऱ्याला उपयोगी पडंल.