टाके जुळले, पुढे काय?

अन्ननलिका जन्मतःच मध्ये खंडित असणे हा साधारण तीन-चार हजार बाळांमागे एकाला आढळणारा दोष. बहुतेकदा नलिकेचे खालचे टोक श्वासनलिकेला जोडलेले असते. 1941 साली अमेरिकेत कॅमेरॉन हेट यांनी एकाच शस्त्रक्रियेत ही नलिका जोडून दाखवली. त्याआधी अशी मुले क्वचितच वाचत. आता ती मोठी होतात, संसाराला लागतात, आणि ‘लहानपणी ऑपरेशन झालं, विषय संपला’ असे घरात धरले जाते. हा समजच मला घातक वाटतो. शस्त्रक्रिया नलिका जोडते, पण घास खाली ढकलणारी तिची लय पुरती देऊ शकत नाही. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत ज्वारीची भाकरी हे रोजचे अन्न. असा माणूस ती घासागणिक पाणी पिऊन उतरवतो आणि त्यालाच आपली सवय म्हणतो. पोटातले आम्ल वर येत राहते, नलिका ते चटकन खाली लोटू शकत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या या दाहाने तिचे अस्तर बदलू शकते. अशा बदललेल्या अस्तरात पुढे कर्करोगाचा धोका वाढतो.

धडधाकट माणसाला उगाच का घाबरवायचे, असे कोणी म्हणेल. कर्करोग थोड्यांनाच होतो आणि बहुतेकांचे आयुष्य चारचौघांसारखे जाते, हे खरेच आहे. पण इथे त्रासाची तीव्रता आणि आतली इजा यांचा मेळ बसतोच असे नाही. काहीच दुखत नसतानाही अस्तर बदललेले असू शकते. म्हणून तर 2016 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढपणीही दर पाच ते दहा वर्षांनी दुर्बिणीची तपासणी सुचवली. दुसरा आक्षेप साधनांचा. तोही पूर्ण टिकत नाही: ही तपासणी मिरज, सांगली, कराड, साताऱ्यात होते. उणीव आहे ती दुव्याची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 18 व्या वर्षी थांबतो, बालशल्यचिकित्सकाकडचे येणेजाणेही त्याच सुमारास सुटते, आणि मोठ्यांच्या डॉक्टरला जुनी शस्त्रक्रिया कोणी सांगत नाही.

त्या दुव्याला मोठा खर्च लागत नाही. आईवडिलांनी डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डासारखे जपावे आणि अठराव्या वर्षी मुलाच्या हाती द्यावे. घास अडकणे, छातीत जळजळ, रात्रीचा खोकला यांपैकी काही घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी जन्मानंतरच्या शस्त्रक्रियेबद्दल आवर्जून विचारावे. आणि ज्याच्या छातीवर, उजव्या कुशीला, तो जुना व्रण आहे, त्याने दुखण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.