बोर्ड मी पुण्याला पाठवला

हार्डवेअर वाटून वापरायला आमच्या टीममध्ये सगळ्यांत जास्त विरोध माझाच होता. मालवणात घरी बसून मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी एम्बेडेड लिनक्सचं काम करतो. कोड लिहायचा, सर्किट बोर्डावर चढवायचा आणि बोर्ड नीट उठतो का ते बघायचं. अशा कामाला बोर्ड हाताशीच हवा, असं माझं म्हणणं. अडकला तर रीसेटचं बटण दाबायला पुण्याला कोण जाणार? त्यात दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं फर्मवेअर आपल्या वाट्याला आलं, की अर्धा दिवस स्वतःच्या कोडमध्ये नसलेली चूक शोधण्यात जातो. दोन्ही गोष्टी भोगलेल्या होत्या, नुसता हेका नव्हता.

२०२१ साली जगभर चिपांचा तुटवडा पडला. साधा रास्पबेरी पाय मिळेना, तिथे आमच्या बोर्डांची काय कथा! मी माझा बोर्ड टेबलावर धरून बसलो. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. माड तारांवर पडले, खांब आडवे झाले, वीज गेली ती लवकर आलीच नाही. पुण्यातल्या सहकाऱ्याला नेमका त्याच बोर्डावर एक बग तपासायचा होता, आणि बोर्ड माझ्या अंधाऱ्या खोलीत. तेव्हा मनाशी हिशेब मांडला. एरवी तरी तो किती चालतो? मी कोड वाचतो, खोडतो, कंपाइल व्हायची वाट बघतो, आणि बोर्ड बहुतेक वेळ नुसता एलईडी लुकलुकवत पडून. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर धरायला लागला होता तो वेगळाच.

तसं वाटून घेणं आमच्या किनाऱ्याला नवीन नाही. रापण ओढायला अख्खी वाडी लागते आणि मासळीचे वाटे पडतात. संगणकांतही ही रीत जुनी. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० आला, तेव्हा बाहेरच्या संस्थांचे लोकही आपली कामं पंचकार्डांवर घेऊन तिथे यायचे. मशीन एक, गरजू अनेक.

पण माझं मत फिरलं ते इतिहासाने नाही, रिलेने. बोर्डाच्या वीजपुरवठ्यात संगणकावरून चालू-बंद होणारा रिले बसवला आणि रीसेटच्या बटणाची भानगडच संपली. बोर्डाची सीरियल लाइन १,१५,२०० बॉडची, म्हणजे सेकंदाला जेमतेम अकरा किलोबाइट. मोबाइलचं रडकं नेटवर्कही तेवढं वाहून नेतं. जड असते ती इमेज, म्हणजे बोर्डावर चढवायची अख्खी सिस्टिम. ती मालवणातून पाठवायचीच नाही, पुण्यातल्या सर्व्हरवर तयार करून तिथल्या तिथे चढवायची. शेजारचे काका विचारतात, “मशीन पुण्याक आणि तू हंय, मगे ता चलता कसा?” त्यांना एवढंच सांगतो, की स्विच लांबूनही दाबता येतो.

बोर्ड वाटून वापरताना टीममध्ये होणाऱ्या भांडणांचं कारण मात्र वेगळंच होतं. ‘बोर्ड मी सोडला’ असा ग्रुपवरचा मेसेज म्हणजे कुलूप नव्हे. लॅबग्रिड नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचा ताबा रीतसर घ्यावा लागतो. तो सुटेपर्यंत दुसऱ्याला हात लावता येत नाही. आम्ही त्याला स्वतःची एक स्क्रिप्ट जोडली: बराच वेळ हालचाल नसेल तर ताबा आपोआप जातो आणि पुढच्या माणसाला कोरी इमेज चढवलेला बोर्ड मिळतो. सीनियर असो की कालचा ट्रेनी, रांग एकच. सुरुवातीला सीनियरांना हे झोंबलं. मलाही.

आता माझा बोर्ड पुण्यातल्या रॅकवर आहे आणि त्यावर माझ्यापेक्षा इतरांचंच काम जास्त होतं. एक अट मी अजून सोडलेली नाही. नवा बोर्ड पहिल्यांदा उठवायचा असेल किंवा ऑसिलोस्कोप लावून सिग्नल बघायचा असेल, तर तो टेबलावरच हवा. बाकी कामांना नको. तुमच्याही कपाटात बोर्ड पडून असतील तर बाहेर काढा. फक्त आधी रिले घ्या, रॅक मग.