पुन्हा पडल्यावर

पोखर्णी हे नृसिंहाचे गाव. शेजारी दर्शनास जात, आम्ही रेल्वेने मिस्सेसाठी निघत असू. दारू सोडण्याचा संकल्प आम्ही दर प्रायश्चित्तकाळी केला आणि कापसाचे पैसे हाती येताच मोडला. तेच पाप पुनःपुन्हा निवेदन करण्याची लाज वाटून शेवटी चर्चला जाणेच टाळले. तरी सौ. दर रविवारी आमचा धुतलेला सदरा खुंटीला अडकवून ठेवी.

एका शुक्रवारी तिच्यासोबत क्रुसाची वाट केली. १४ स्थानांपैकी ३ रे, ७ वे आणि ९ वे स्थान प्रभूच्या पडण्याचे! तो आमच्या पापांच्या भाराने पडला. आम्ही स्वतःच्या दुर्बळतेने. पण वाट तेथे संपली नाही. आम्ही पापनिवेदनास गेलो. त्यानंतरही पडलो; मात्र आता उठण्यास विलंब करीत नाही.