गल्ल्यावरची खुर्ची

शाळेच्या अंकासाठी धंद्याबद्दल चार शब्द लिहा, असे गुरुजींनी सांगितले. आम्ही दोघे भाऊ रामनगरचे साधे किराणा दुकानदार. मोठे सांगण्यासारखे काही नाही, पण आमची एक चूक सांगतो.

सुपा धरणात गाव गेले आणि बाबांनी रामनगरला दुकान मांडले. त्यांच्यामागे गल्ल्यावर दादाच बसत. उधारी, भाव, बेळगावचे व्यापारी, सगळे त्यांच्या डोक्यात. कागदावर काहीच नाही. एका पावसाळ्यात दादा काविळीने महिनाभर अंथरुणाला खिळले. दुकान उघडे असूनही बंदच! कोणाकडे किती येणे, हे धाकट्याला ठाऊक नव्हते. गिऱ्हाईक दुसरीकडे वळले, बरीच उधारी बुडाली.

दादा बरे झाल्यावर आम्ही तीन गोष्टी केल्या. उधारीची वही घातली. घरखर्चासाठी दोघांनी ठरावीक पगार घेतला, गल्ल्यात हात घालणे बंद केले. आणि दुकानातल्या मुलाकडे कंदमुळांची खरेदी सोपवली. पहिल्याच हिवाळ्यात त्याने करांदे, कणगी जास्त घेतली. काही कुजली. दादांचा राग अनावर झाला होता. पण तो तोटा त्याच्या शिकण्याची फी समजून आम्ही सोसला. आज त्याच्याइतकी माल पाहण्याची नजर आम्हा दोघांनाही नाही.

थोरांचेही असेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत तंत्रशिक्षण देत असताना सायकली घेऊन बेळगावला पाठवत. थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायला शिकवत. पुढे 1910 साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे हिशेब मंगेशराव रेगे पाहत, तर रात्रीचा पहारा शिक्षा भोगून आलेल्या माणसांकडे होता. एकट्याने सगळे धरून ठेवले असते, तर ती वसाहत वाढली असती का?

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही होमस्टे काढाल, गॅरेज काढाल. पहिल्या दिवसापासून वही ठेवा. आणि आपण महिनाभर नसलो तर दुकान चालेल का, हे अधूनमधून स्वतःला विचारा.

यंदा दिवाळीत आम्ही दोघे सहकुटुंब आठ दिवस पंढरपूरला जाऊन आलो. दुकान चालू होते.