सल्ल्याची जोखीम

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार मालाच्या त्या पेढीला विमा नवा नव्हता. गोदामातील मालाला आगीचा विमा होता, कारण मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट देणारी बँक त्याशिवाय ऐकत नाही. ट्रकने जाणाऱ्या मालालाही होता. वरच्या मजल्यावर धाकट्या मुलाने जीएसटीच्या सल्ल्याचे कार्यालय थाटले, तेव्हा मात्र विम्याचा विषयच निघाला नाही. दोन टेबले, संगणक, फायली. तेथे जळणार तरी काय?

मग एका डिसेंबरात एका व्यापाऱ्याच्या फायलीत रॅकच्या खरेदीची तीन बिले सापडली. बिले आधीच्या आर्थिक वर्षातील; त्यांवरील कराची वजावट घेण्याची मुदत ३० नोव्हेंबरला संपून गेलेली. व्यापाऱ्याने ती वेळेवर दिली होती, नोंद कार्यालयाकडून राहिली होती. नुकसान ३,८०,००० रुपयांचे आणि त्याच्याकडून मिळणारे वर्षाचे मानधन ३६,०००! वडिलांनी फार चौकशी केली नाही. घरातून रक्कम काढली, स्वतः जाऊन दिली आणि दिलगिरी व्यक्त केली.

त्यानंतर महिन्याभराने मुलाने प्रोफेशनल इंडेम्निटी विम्याचा अर्ज आणला.

"चूक होणारच असे धरून चालायचे, तर काम घ्यायचे कशाला? आणि आपण भरले ना?" वडील म्हणाले.

"बाबूजी, या वेळी पावणेचार लाख होते. चाळीस असते तर?"

प्रश्न रास्त होता. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायात देणे घरापर्यंत पोचते. थोरल्याने एलएलपी सुचवली; पण २००८ च्या त्या कायद्यातही भागीदाराच्या स्वतःच्या गैरकृत्याची जबाबदारी त्याच्यावर राहतेच. मग पेढीलाही हा विमा हवा का, असे त्याने विचारले. तशी गरज नव्हती. पेढी माल विकते. माल सदोष निघून कोणाला इजा झाली, तर त्याचा विमा निराळा. हा विमा मोबदला घेऊन दिलेल्या सल्ल्यासाठी आणि सेवेसाठी. तुरीचा भाव चढेल का, हे वडील रोज दहा जणांना फोनवर सांगत, पण त्याचे पैसे घेत नसत.

वडिलांनी अटी सावकाश वाचल्या. आगीच्या विम्यात आग लागली त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. येथे दावा येईल त्या दिवशी ती चालू हवी, आणि काम पॉलिसीत लिहिलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरचे हवे. आजच्या चुकीचा दावा तीन वर्षांनी आला आणि मध्यंतरी हप्ता चुकला असला, तर भरलेले सारे व्यर्थ. जाणूनबुजून केलेल्या लबाडीला संरक्षण नव्हते, हे त्यांना योग्य वाटले. प्रत्येक दाव्यातील पहिले ५०,००० स्वतः भरावयाचे, हे तर अधिकच आवडले.

एका कलमावर मात्र ते अडले. विमा कंपनीच्या संमतीवाचून जबाबदारी मान्य करू नये, रक्कम देऊ करू नये, असे त्यात होते.

"म्हणजे चूक माझी, आणि ती माझी म्हणायला परवानगी त्यांची?"

मुलाने समजावले की नोंद राहिली हे गिऱ्हाइकाला त्याच दिवशी सांगता येते, सांगावेच; किती देणे लागतो हे मात्र कंपनीला कळविल्याशिवाय ठरवायचे नाही. वडिलांचे पूर्ण समाधान झाले नाही. गेल्या खेपेसारखे पैसे घेऊन थेट त्या दुकानाच्या पायऱ्या चढता येणार नव्हते, ही त्यांची खंत होती आणि ती खोटी नव्हती. पण चाळीस लाखांचा आकडाही त्यांच्या मनातून जात नव्हता. अखेर त्यांनी मान हलविली.

अर्जात शेवटी एक रकाना होता : यापूर्वी झालेल्या चुका व दावे. मुलाचे पेन थांबले. प्रकरण मिटले होते, कोर्टकचेरी झाली नव्हती आणि लिहिले तर हप्ता वाढण्याचा संभव होता.

"लिही," वडील म्हणाले. "रक्कम पूर्ण लिही. आणि कोणत्या तारखेला दिली, तेही."