अर्थ लागेना

वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत आतां पडद्यावर सर्व कांहीं लिहून दाखविणारी नवी मोटार उभी असेल. त्यांना आमचें हें दुखणें परकें वाटण्याचा संभव आहे. आमच्याजवळ १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ती कुर्ल्याच्या कारखान्यांतील. हिच्याच बहिणी काळापिवळा वेष करून मुंबईभर भाड्यानें धावत, व त्यांतील शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. आम्हीं ही १९९१ सालीं जुनी म्हणून घेतली, ती अजून कऱ्हाडास आमच्या अंगणांत आहे.

प्रसंग त्याच वर्षींच्या दिवाळीनंतरचा. चिपळुणास कन्येकडे गेलों होतों, तेथून परत निघावयास उशीर झाला. पोफळी मागें टाकून कुंभार्ली घाट चढूं लागलों तों काळोख पडला. समोरील फळीवरचे, काटे दाखविणारे दिवे गेलीं कित्येक वर्षें मंदच होते. इशाऱ्याचा दिवा तर कधींच निवर्तला होता. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आहे असें आम्हांस वाटलें. पुढें एका वळणावर गाडीनें दोन आचके दिले व ती थांबली. टांकी कोरडी!

आमच्या सौ.ला दम्याचा विकार आहे. घाटांत गारठा होता, आणि तिच्या पिशवींतील औषधाचा पंप संपत आलेला. एका भल्या टेंपोवाल्यानें बाटलीभर पेट्रोल आणून देईपर्यंत दीड तास गेला. त्या दीड तासांत ती एक शब्दही बोलली नाहीं. बोलण्यापुरता श्वासच नव्हता. आम्ही तिचा हात धरून बसलों होतों. विजेरीच्या उजेडांत काटा आतां रिकामेपणाच्या खुणेवर अगदीं स्पष्ट दिसत होता.

दुसऱ्याच दिवशीं पुण्याहून चिरंजीव आले. "बाबा, गाडी विकून टाका. तुमचे डोळे आतां पूर्वीचे राहिले नाहींत." आम्हांस राग आला. दोष दिव्यांचा, डोळ्यांचा नव्हे, हा आमचा पक्ष; दोष डोळ्यांचा, दिव्यांचा नव्हे, हा त्यांचा. हेतु मात्र दोघांचा एकच, कीं आंकडे दिसत नाहींत! दोन्ही पक्षांस सारखाच लागू पडणाऱ्या अशा हेतूला नैयायिक अनैकांतिक म्हणतात व त्याला कवडीची किंमत देत नाहींत. तेव्हां वाद सोडून परीक्षा करणें भाग होतें.

आम्हीं स्वतःच हात घातला. बॅटरीची तार सोडली, काट्यांच्या पेटीचे स्क्रू काढले, वेगदर्शकाची केबल मागून सुटी केली. आंतले दोनतीन वॅटचे दिवे बाहेर काढले तों त्यांच्या कांचा आंतून काजळल्यासारख्या झालेल्या. तापलेल्या तारेंतील टंगस्टन धातु वर्षानुवर्षें उडून कांचेवर बसतो, त्याचें हें काजळ. एक नवा दिवा आणून बसविला. फरक जवळजवळ शून्य! शिजल्या भाताचें एक शीत चांचपून भांड्याची परीक्षा करावी, या स्थालीपुलाकन्यायानें दिवे निर्दोष ठरले, आणि मग आमच्या डोळ्यांखेरीज दुसरें कोण उरलें? तें शीत पाहून आमचें मन खट्टू झालें.

शेवटीं गाडी मिस्त्रीकडे नेली. तो आमचा जुना विद्यार्थी, संस्कृतांत कायमचा नापास. त्यानें मापक लावलें. एंजिन चालू असतां बॅटरीवर चौदा व्होल्ट, दिव्यापाशीं मोजून दहा. तो म्हणाला, "गुरुजी, अर्थ लागत नाहीं." आम्ही दचकलों. हेंच वाक्य त्याच्या तोंडून आम्हीं वर्गांत किती वेळां ऐकलें होतें! मोटारींत वीज एका तारेनें दिव्याकडे येते व परततांना गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून जाते. त्या परतीच्या जोडास या धंद्यांत अर्थ म्हणतात. आमच्या गाडीचा तो जोड गंजला होता. दाब चौदावरून दहावर येणें वरवर किरकोळ दिसतें. पण अशा दिव्याचें तेज दाबाच्या मानानें फार झपाट्यानें उतरतें. दाब एक दशांश घटला तर तेज सुमारें तीन दशांश घटतें. या हिशेबानें आमच्याकडे तृतीयांशही तेज उरलें नव्हतें. नवा दिवाही त्याच गंजलेल्या वाटेवर बसविलेला. तो बापडा काय उजळणार?

त्यानें एक सुटी तार दिव्याच्या खोबणीपासून सांगाड्याला टेकविली: लख्ख. काढली: अंधुक. पुन्हा टेकविली. अन्वय आणि व्यतिरेक आम्हीं जन्मभर शिकविले. एवढ्या स्वच्छपणें कधीं दाखवितां आले नाहींत.

पुढचें काम सोपें. जोड कानशीनें घासून त्यावर व्हॅसलीन चोपडलें, सगळे दिवे बदलले, पेटीच्या आंतला तपकिरी पडलेला पांढरा रंग पुन्हा दिला. मोठ्या वॅटचे दिवे घालावे असें आमच्या मनांत होतें. उष्णतेनें तबकडी वांकडी होईल म्हणून त्यानें घालूं दिले नाहींत. एलईडी आम्हींच नाकारले. तो निळसर उजेड आम्हांस इस्पितळासारखा वाटतो.

त्या रात्रीं अंगणांतच गाडी उभी करून दिवे लावले. सौ. शेजारीं बसली होती. सगळे आंकडे उमटले. जिंकलों! चिरंजीवांस कळवावें म्हणून भ्रमणध्वनि हातांत घेतला, आणि काय बुद्धि झाली कोण जाणे, व्यतिरेक आपल्यावरही करून पाहावा म्हणून उजवा डोळा हातानें झांकला. डाव्या डोळ्यापुढें सगळे आंकडे दुधांत बुडाले.

दोन दिवस आम्हीं हें कोणासही सांगितलें नाहीं. घाटांतला तो दीड तास मात्र पाठ सोडीना. तिसऱ्या दिवशीं पुण्यास फोन केला. "बाबा, मी येतों," एवढेंच चिरंजीव म्हणाले. नेत्रवैद्यांनीं डाव्या डोळ्यांत मोतीबिंदु सांगितला. ते असेंही म्हणाले कीं साठीच्या निरोगी डोळ्यांतसुद्धां विशीच्या मानानें सुमारें तृतीयांशच प्रकाश पोंचतो. म्हणजे तृतीयांशाचा तृतीयांश घेऊन आम्ही घाट चढत होतों.

२०२४ च्या जानेवारींत शस्त्रक्रिया झाली. तोंवर गाडी रात्रीं बाहेर काढली नाहीं. आतां काढतों, क्वचित्. घाट लागण्यापूर्वीं आम्ही काटा वाचून दाखवितों, सौ. ऐकून घेते, आणि मग वांकून स्वतः पाहते.