चोपड्याच्या ताटातील कर्बोदकांचे आवर्तन

कर्बोदकांचे आवर्तन, म्हणजे व्यायामशाळांच्या बोलीतील ‘कार्ब सायकलिंग’, ही अशी आहारपद्धती आहे की तिच्यात आठवड्यातील बहुतेक दिवस धान्य, साखर, कंद आणि गोड फळे अत्यंत कमी खाल्ली जातात आणि मग एक-दोन दिवस ती मुद्दाम वाढवली जातात. तिच्या कडक रूपात कमी दिवसांची कर्बोदके ५० ग्रॅमच्या आत ठेवतात. त्यामुळे यकृतात आणि स्नायूंत असलेला ग्लुकोजचा राखीव साठा, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, तो उतरत जातो, इन्सुलिनची पातळी खाली येते आणि शरीर ऊर्जेसाठी चरबीकडे व तिच्यापासून यकृतात तयार होणाऱ्या कीटोन द्रव्यांकडे वळते. वाढीव दिवशी तो साठा पुन्हा भरतो आणि जोराचा व्यायाम करण्याची ताकद टिकते, असा या पद्धतीचा युक्तिवाद आहे. ती मुळात शरीरसौष्ठवपटूंसाठी बेतलेली आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात सतत लक्षात ठेवावी लागते, कारण प्रस्तुत लेखकाने ती आजमावली ती जळगाव जिल्ह्यातील चोपड्यात, बैठे काम करणाऱ्या मध्यमवयीन माणसाच्या शरीरावर आणि खानदेशी स्वयंपाकघरात.

या प्रयोगाचे कारण वजनापेक्षा रक्तातील साखर हे होते. एचबीए-वन-सी ही मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या पट्ट्यात आली की त्या अवस्थेला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात, आणि लेखकाचा अहवाल याच पट्ट्यात होता. वरून सडपातळ दिसणाऱ्या माणसाला असे निदान पटत नाही. परंतु पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये या गैरसमजाला कायमचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठवणाऱ्या भारतीय देहासाठी काट्यापेक्षा कमरेचा घेर अधिक खरे बोलतो.

आता ताटाचा हिशेब. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या दादर ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे ७० ग्रॅम पिठाची एक भाकर खाल्ली की कडक पद्धतीचा दिवसाचा सगळा वाटा जवळजवळ तिथेच संपतो. परिसरात मुबलक असलेल्या केळीचे एक मध्यम फळ २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके देते. भाकरीशिवाय जेवण म्हणजे जेवण नव्हे असे मानणाऱ्या घरात ५० ग्रॅमची मर्यादा टिकणे शक्य नव्हते, आणि मधुमेहपूर्व अवस्थेसाठी ती आवश्यकही नव्हती. म्हणून कमी दिवशी एकाच वेळच्या जेवणात भाकर, तीही ज्वारीत अख्खे उडीद दळून केलेल्या कळण्याची, अशी सौम्य आवृत्ती स्वीकारली गेली, कारण उडदामुळे त्याच भाकरीतील प्रथिने वाढतात आणि भूक अधिक वेळ थोपते. सोबत काड्यांवर भाजून लाकडी बडगीत कुटलेल्या वांग्यांचे भरीत, मेथी, अंडी, ताक आणि मठाची उसळ असे जेवण होते. उसळीतही कर्बोदके असतात हे खरे, पण तंतू आणि प्रथिने सोबत असल्याने ती साखर एकदम चढवत नाहीत.

या पद्धतीत सर्वांत सहज होणारी फसगत शेंगदाण्याने होते. कर्बोदके कमी म्हणून शेंगदाणे निर्धास्त खाल्ले जातात, भरितावर आणि शेवभाजीवर तेलाचा तवंग ठेवला जातो. वास्तविक १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ५०० पेक्षा जास्त किलोकॅलरी असतात. चरबी घटते ती एकूण ऊर्जा घटल्यामुळे. स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ प्रौढांवर वर्षभर चाललेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी स्निग्ध आहार घेणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलोने आणि कमी कर्बोदके घेणाऱ्यांचे ६ किलोने उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो तो मुख्यतः पाण्यामुळे, कारण ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते आणि साठा रिकामा झाला की तेही निघून जाते. वाढीव दिवसानंतर तेच वजन परत दिसू लागते. लेखकालाही ते दिसले, आणि त्याचे कारण आधी माहीत नसते तर प्रयोग तिथेच सुटला असता.

वाढीव दिवसाचा प्रश्न खानदेशात सणांपाशी येऊन अडतो. वाढीव दिवशी कर्बोदके वाढवताना स्निग्ध पदार्थ आवर्जून कमी करायचे, ही या पद्धतीची महत्त्वाची अट आहे, कारण इन्सुलिन वर असताना सोबत आलेले तूप-तेल सरळ साठ्यात जाते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे, आमरस आणि वर सढळ तूप असते. एरवीच्या पाहुणचारात वरण-बट्टी असते आणि बट्टी तुपात भिजवूनच वाढली जाते. असा दिवस आवर्तनातील वाढीव दिवस म्हणून मोजणे म्हणजे हिशेबाच्या वहीत खोटी नोंद करणे होय. सण सण म्हणून मनमोकळा जेवावा, आणि वाढीव दिवस मात्र ज्या दिवशी शेतावर किंवा लांब चालण्याचे कष्ट असतील त्या दिवशी ठेवावा, असा नियम अनुभवाने ठरत गेला. त्याहून मोठी बाब अशी की एका माणसाच्या आवर्तनासाठी घरातील बाईला दोन प्रकारचा स्वयंपाक करावा लागतो. या श्रमाचा उल्लेख आहाराच्या पुस्तकांत क्वचितच आढळतो, आणि कळण्याची भाकर सर्वांच्याच ताटात आली तेव्हाच ही पद्धती घरात टिकली.

खरा धोका उन्हाळ्याने दाखवला. इन्सुलिन कमी झाले की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी अधिक प्रमाणात बाहेर टाकतात. त्यात जळगाव जिल्ह्यातील एप्रिल-मेचे ४४-४५ अंशांचे ऊन आणि घाम मिळाला की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, पायांत गोळे येणे आणि डोके दुखणे हे सगळे एकत्र येते. लेखकाला हे त्रास झाले तेव्हा मीठ घातलेल्या ताकाने आराम पडला, तरी उन्हाळ्याचे दोन महिने आवर्तन बंद ठेवून फक्त साखर आणि मैदा वर्ज्य करणे हाच निर्णय योग्य ठरला. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हीच स्थिती घातक होऊ शकते, आणि पाणी कमी पिणाऱ्यांना मुतखड्याचीही भीती असते.

महाराष्ट्राला आहाराचे प्रयोग नवे नाहीत. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी पोचवलेली दोन वेळा जेवण्याची पद्धती चोपड्यातही घरोघरी चर्चेत असते. तीही इन्सुलिन खाली ठेवण्याच्याच विचारावर उभी आहे, परंतु ती काय खावे यापेक्षा किती वेळा खावे यावर भर देते, म्हणून दोन्ही पद्धती एकत्र करण्याचा मोह टाळलेला बरा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाच्या आधारे २०२२ मध्ये मांडलेल्या गणिताने मधुमेह माघारी नेण्यासाठी एकूण ऊर्जेत कर्बोदकांचा वाटा ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिनांचा १९ ते २० टक्के सुचवला आहे, तर भारतीयांच्या आहारात आज कर्बोदके सुमारे ६२ टक्के आहेत. म्हणजे गरज आहे ती एक भाकर कमी करून डाळ, ताक किंवा अंडे वाढवण्याची. टोकाच्या वंचनेची नव्हे. लेखकाचा कमरेचा घेर घटला आणि चाचणीचा आकडा पट्ट्याच्या खालच्या टोकाशी आला, तोही याच सौम्य मार्गाने.

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांची साखर कमी दिवशी एकाएकी धोक्याइतकी उतरू शकते. ‘ग्लिफ्लोझिन’ गटातील गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात साखर फारशी न वाढताही कीटोनांचे विष साचू शकते. मूत्रपिंडाचा विकार, पित्ताशयातील खडे, गाऊट, गर्भारपण आणि बाळाला पाजण्याचा काळ यांतही ही पद्धती योग्य नाही, आणि दिवसभर रानात राबणाऱ्या मजुराला तर तिची गरजच नाही. वरील औषधे घेणाऱ्या प्रत्येकाने डॉक्टरांकडून औषधांची मात्रा तपासून घेतल्याशिवाय या आवर्तनाचा एक दिवसही करू नये, आणि इतरांनीही साखर, चरबीचे प्रमाण व मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी करूनच सुरुवात करावी.